कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय? रसायनशास्त्र आणि बालशिक्षण या दोन अभ्यासक्रमांची ओळख

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या धर्मग्रामांत दरवर्षी तेच चित्र दिसते. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात आईवडील थांबतात, मुलगा किंवा मुलगी थोडी मागे उभी असते आणि प्रश्न येतो, "आता हिला कुठे घालायचे?" गुण बेताचे असतात. तीन वर्षांच्या पदवीचा खर्च झेपेल की नाही, याची खात्री नसते. त्यातच कोणीतरी एखादे माहितीपत्रक आणून देतो : सहा महिन्यांत नोकरी, एका वर्षात पदविका. हा कागद खरा किती आणि खोटा किती, हे सांगणारे जवळ कोणी नसते.

अशा पत्रकांवर अलीकडे "कम्युनिटी कॉलेज" हे शब्द वारंवार दिसतात. ही कल्पना मुळात काय आहे, ती आपल्या देशात कशी आली, अहिल्यानगर जिल्ह्यासारख्या (2024 पर्यंतचा अहमदनगर) ग्रामीण भागात रसायनशास्त्र व बालशिक्षण हे दोन अभ्यासक्रम का उपयोगी पडू शकतात, आणि प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी काय तपासावे, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत.

कल्पनेचा उगम

कम्युनिटी कॉलेजची कल्पना अमेरिकेतील आहे. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे 1901 साली सुरू झालेले ज्युनिअर कॉलेज हे तेथील या प्रकारचे सर्वांत जुने सार्वजनिक महाविद्यालय मानले जाते. 1947 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने उच्च शिक्षणाविषयी अहवाल दिला आणि "कम्युनिटी कॉलेज" हे नाव रूढ झाले. घराजवळचे महाविद्यालय, कमी शुल्क, प्रवेशाच्या सैल अटी आणि दोन वर्षांचे शिक्षण ही त्याची ओळख. विद्यार्थी तेथे एखादे काम शिकून नोकरीला लागू शकतो किंवा मिळवलेले श्रेयांक घेऊन विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाऊ शकतो. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आणि बालशिक्षणाचा वर्ग या दोन्ही गोष्टी अशा महाविद्यालयांत एकाच छताखाली आढळतात.

भारतात ही चळवळ रुजवण्यात ख्रिस्तसभेचा मोठा वाटा आहे. पाँडिचेरी विद्यापीठाने 1995 मध्ये कम्युनिटी कॉलेज सुरू केले. पुढच्याच वर्षी, 1996 मध्ये, मद्रास-मैलापूर महाधर्मप्रांताने चेन्नई येथे मद्रास कम्युनिटी कॉलेज स्थापन केले. येशूसंघीय फादर झेवियर अल्फोन्स यांनी या कामाला देशभर दिशा दिली. त्यासाठी 1999 पासून चेन्नईत स्वतंत्र संशोधन व विकास केंद्र कार्यरत झाले. शाळा सुटलेल्या, गरीब व दलित कुटुंबांतील तरुणांना, विशेषतः मुलींना, एका वर्षाच्या आत काम करण्याइतके कौशल्य आणि चारचौघांत बोलण्याइतका आत्मविश्वास मिळावा, हा हेतू होता. म्हणून जीवनकौशल्ये, कामाचे कौशल्य आणि प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी उमेदवारी अशा तीन भागांत शिक्षणाची मांडणी झाली.

मात्र एक अडचण आरंभापासून होती : या प्रमाणपत्राला मान्यता कोणाची? तामिळनाडूत मुक्त विद्यापीठाने 2004 पासून मान्यता देण्यास सुरुवात केली. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने 2009 मध्ये देशव्यापी योजना आखली, परंतु ती काही वर्षांतच थांबली. 2013 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेत स्वतःची कम्युनिटी कॉलेज योजना आणली. चळवळ चांगली असूनही मान्यतेचा धागा मध्येच तुटू शकतो, हे या इतिहासावरून लक्षात घ्यावे. पालकांनी त्याबाबत सावध का राहावे, ते पुढे येईलच.

आयोगाच्या योजनेत हिशेब स्पष्ट होता. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रासाठी 30 श्रेयांक, एका वर्षाच्या पदविकेसाठी 60 आणि दोन वर्षांच्या प्रगत पदविकेसाठी 120. त्यांपैकी 40 टक्के सामान्य शिक्षण आणि 60 टक्के कौशल्य. एक श्रेयांक म्हणजे सुमारे पंधरा तासिका. या हिशेबाने सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमात कौशल्याचे 18 श्रेयांक, म्हणजे सुमारे 270 तास, येतात. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. कोणत्याही माहितीपत्रकाचे मोजमाप करण्यास तो उपयोगी पडतो.

आपल्या जिल्ह्याची परंपरा

शिक्षिका घडविण्याचे काम आपल्या जिल्ह्याला नवे नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस सिंथिया फरार 1839 पासून 1862 मध्ये मृत्यू येईपर्यंत अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवीत होत्या. त्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि 1848 मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे प्रशिक्षण अहमदनगरला मिस फरार यांच्या संस्थेत घेतले, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. शिकवणे हीसुद्धा शिकण्याची विद्या आहे, ही जाणीव या मातीत पावणेदोनशे वर्षांपूर्वीच होती. पुढे 1947 मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज स्थापन केले आणि खेड्यातील विद्यार्थ्याला विज्ञानशिक्षण आपल्याच जिल्ह्यात मिळू लागले.

रसायनशास्त्राचे नाते तर येथील शेतीशीच आहे. हरेगावला खासगी बेलापूर कंपनीचा साखर कारखाना स्वातंत्र्यापूर्वीच उभा होता. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या प्रयत्नांतून प्रवरा सहकारी कारखान्याचे गाळप 1950 च्या अखेरीस सुरू झाले. मागोमाग जिल्ह्यात कारखाने, दूध संघ आणि आसवनी प्रकल्प उभे राहिले. प्रवरेच्या कालव्यांनी ऊस आला, त्याबरोबर काही जमिनी क्षारपडही झाल्या. राहुरीला कृषी विद्यापीठ आले. यांतील प्रत्येक ठिकाणी प्रयोगशाळा आहे आणि प्रत्येक प्रयोगशाळेला विश्वासू हात लागतात.

रसायनशास्त्र : हाताने शिकायचा विषय

रसायनशास्त्र म्हटले की मुलांना पाठ करायची सूत्रे आठवतात. प्रयोगशाळा साहाय्यकाचे काम त्याहून वेगळे आहे. आपल्या परिसरातीलच तीन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण उसाच्या रसाचे. कारखान्यात रस आला की त्यातील एकूण विरघळलेले घटक मोजतात, त्याला ब्रिक्स म्हणतात. त्यातील साखरेचा अंश ध्रुवणमापकाने काढतात, त्याला पोल म्हणतात. पोलला ब्रिक्सने भागून शंभराने गुणले की शुद्धता येते. ब्रिक्स 18 आणि पोल 15 असेल, तर शुद्धता 83.3. ताजा रस किंचित आम्लधर्मी असतो. त्यात चुन्याची निवळी व सल्फर डायऑक्साइड यांचे प्रमाण राखून तो उदासीन करतात. रस आम्लधर्मी राहिला तर साखरेचे विघटन होऊन उतारा घटतो. अल्कधर्मी झाला तर रंग बिघडतो. म्हणून ठरावीक वेळाने नमुना घेणे, सामू पाहणे आणि नोंद करणे हे काम रात्रपाळीतही चुकत नाही.

दुसरे उदाहरण दुधाचे. संकलन केंद्रावर गाईच्या दुधाचा भाव 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ या मापाशी बांधलेला असतो, हे प्रत्येक दूध उत्पादकाला ठाऊक आहे. फॅट काढण्याच्या गर्बर पद्धतीत विशिष्ट नळीत 10 मिलिलिटर सल्फ्युरिक आम्ल, त्यावर सावकाश 10.75 मिलिलिटर दूध आणि 1 मिलिलिटर अमाइल अल्कोहोल घालून ती यंत्रात फिरवतात. आम्ल जपून हाताळले नाही तर हात भाजतो. दूध मोजण्यात चूक झाली तर शेतकऱ्याचा पैसा जातो. लॅक्टोमीटर एकटा पुरत नाही, हेही शिकावे लागते. पाणी घातले की त्याचे वाचन उतरते, पण साय काढली की ते चढते. दोन्ही लबाड्या एकत्र केल्या तर आकडा निर्दोष दिसू शकतो. एका चाचणीवर विश्वास ठेवू नये, हा धडा पुस्तकापेक्षा टेबलापाशी लवकर पटतो.

तिसरे उदाहरण मातीचे. 2015 पासून केंद्र सरकारच्या मृदा आरोग्य पत्रिकेत मातीच्या बारा घटकांची नोंद असते : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये. परंतु पत्रिकेवरचा आकडा नमुन्याइतकाच खरा असतो. बांधाजवळची किंवा नुकतेच खत टाकलेल्या जागेची माती आणली, तर सर्वोत्तम यंत्रही चुकीचे उत्तर देईल. नमुना घ्यायला शिकणे हा रसायनशास्त्राचा पहिला पाठ आहे.

या तिन्ही कामांसाठी लागणारी कौशल्ये सारखीच आहेत : द्रावण तयार करणे, पिपेट व ब्युरेट वापरणे, तराजू व सामूमापक तपासून घेणे, काचसामान स्वच्छ ठेवणे, पाण्यात आम्ल घालावे पण आम्लात पाणी घालू नये हा नियम अंगवळणी पाडणे, आणि जे दिसले तेच वहीत लिहिणे. चांगल्या अभ्यासक्रमात विद्यार्थी ही कामे स्वतः, पुन्हा पुन्हा करतो. वीस जणांनी एकाच टेबलाभोवती उभे राहून शिक्षकांचे प्रात्यक्षिक पाहणे याला प्रशिक्षण म्हणता येणार नाही.

एक वस्तुस्थिती लपवून चालणार नाही. साखर कारखान्यातील बरीच कामे हंगामी असतात; गाळप संपले की हात रिकामे होतात. त्यामुळे साखरेबरोबर दूध, पाणी व माती यांचे परीक्षण शिकवणारा अभ्यासक्रम अधिक उपयोगी. तसेच दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत रासायनिक कारखान्यासाठी प्रयोगशाळा साहाय्यक आणि अटेंडंट ऑपरेटर हे दोन वर्षांचे व्यवसाय उपलब्ध आहेत. शिकाऊ उमेदवारी कायदा 1961 नुसार उमेदवारीच्या काळात विद्यावेतनही मिळते. कम्युनिटी कॉलेजचा अभ्यासक्रम निवडताना या पर्यायाशी तुलना अवश्य करावी.

बालशिक्षण : डोळ्यांनी शिकायचा विषय

बालवाडी चालवणे म्हणजे मुले सांभाळणे, हा समज आजही घट्ट आहे. "पोरं सांभाळायला कशाला शिक्षण हवं?" असे आम्ही अनेकदा ऐकतो. महाराष्ट्राच्या इतिहासाने त्याचे उत्तर केव्हाच दिले आहे. पंडिता रमाबाई अमेरिकेत असताना त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला आणि 1889 मध्ये शारदा सदन सुरू करताना ती दृष्टी बरोबर आणली. मारिया मॉन्टेसरी यांनी 1907 मध्ये रोममधील गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम उभारले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी आली. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, पाने, बिया आणि खडे ही त्यांची साधने होती. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचवला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आहे. मेंदूचा 85 टक्क्यांहून अधिक विकास सहा वर्षांपूर्वी होतो, असे हे धोरण नमूद करते. बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या अंगणवाडी सेविकांना सहा महिन्यांचे प्रमाणपत्र आणि कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका देण्याची शिफारसही त्यात आहे. या क्षेत्रातील छोट्या अभ्यासक्रमांना त्यामुळे नवे महत्त्व आले आहे.

अशा अभ्यासक्रमात काय शिकवले जावे? शरीराच्या मोठ्या हालचाली, बोटांची कारागिरी, भाषा आणि भावना यांची वाढ कोणत्या क्रमाने होते. चार वर्षांच्या मुलाला रेघांच्या वहीत अक्षरे गिरवायला लावणे त्याच्या बोटांना का झेपत नाही. वजन व उंचीचा तक्ता कसा भरावा. आहार, लसीकरण व प्रथमोपचार. दिव्यांग मुलाची लवकर ओळख. आणि बालकांची सुरक्षितता व तत्संबंधी 2012 चा पॉक्सो कायदा. परंतु या सर्वांच्या मुळाशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे निरीक्षण.

विद्यार्थिनी पहिल्या दिवशी नोंदवहीत लिहिते, "मूल हट्टी आहे." हा निकाल झाला, नोंद नव्हे. प्रशिक्षण झाल्यावर तीच लिहिते, "आईने हात सोडल्यावर तीन मिनिटे दाराशी उभे राहिले, नंतर ठोकळ्यांकडे गेले, दुसरे मूल जवळ येताच ठोकळे पोटाशी धरले." या दुसऱ्या नोंदीवरून पुढे काय करावे ते कळते. प्रयोगशाळेत द्रावणाचा रंग बदलला तो क्षण टिपायचा असतो; बालवाडीत मुलाचा चेहरा बदलला तो क्षण टिपायचा असतो. वरवर अगदी दूरचे वाटणारे हे दोन अभ्यासक्रम येथे एकमेकांजवळ येतात. दोन्हींत नोंद खोटी केली तर तोटा दुसऱ्याला सोसावा लागतो.

आपल्या जिल्ह्यात तर हे दोन विषय एकाच फाटकापाशी भेटतात. गाळपाच्या हंगामात कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाची शुद्धता मोजली जाते, आणि त्याच आवाराबाहेर ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडलेल्या असतात. बीडहून तसेच पाथर्डी, शेवगावसारख्या तालुक्यांतून आलेल्या या कुटुंबांतील आईवडील पहाटेच फडात जातात. मोठ्या मुलांसाठी साखरशाळेचे प्रयत्न झाले, पण तीन-चार वर्षांच्या मुलाला बहुधा आठ वर्षांची बहीण सांभाळते आणि तिची शाळा सुटते. तेथे एक शिकलेली बालशिक्षिका उभी राहिली, तर एकाच वेळी दोन मुलांचे भविष्य सावरते. बालशिक्षणाची खरी गरज कोठे आहे, हे शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही.

येथेही सत्य सांगितले पाहिजे. अंगणवाडी सेविकेला वेतन नव्हे तर मानधन मिळते. ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये मान्य केला, तोही दीर्घ लढ्यानंतर. सेविकेच्या भरतीत शिक्षण व स्थानिक रहिवास यांच्या अटी असतात. केवळ प्रमाणपत्राने जागा मिळत नाही. तसेच राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची पूर्वप्राथमिक शिक्षण पदविका बारावीनंतर दोन वर्षांची असते. सहा महिन्यांचे प्रमाणपत्र तिच्या बरोबरीचे आहे, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये.

प्रवेशापूर्वी विचारावयाचे प्रश्न

वरील विवेचनावरून पालकांनी पुढील प्रश्न निःसंकोचपणे विचारावेत, असे आम्ही सुचवितो.

1. प्रमाणपत्रावर सही कोणाची असेल? विद्यापीठ, शासकीय मंडळ की केवळ संस्था? मान्यतेचे पत्र पाहावे आणि त्यावरील वर्ष वाचावे. जुन्या योजनेची मान्यता आज चालू असेलच असे नाही.

2. प्रात्यक्षिकाचे तास किती? वर दिलेला 270 तासांचा हिशेब मनात ठेवावा. प्रयोगशाळा स्वतः जाऊन पाहावी. ब्युरेटवर धूळ असेल तर उत्तर मिळालेच.

3. उमेदवारी कोठे व किती आठवडे? कारखाना, दूध केंद्र किंवा बालवाडी यांच्याशी लेखी करार आहे काय?

4. पुढे शिकायचे झाल्यास हे श्रेयांक धरले जातील काय? 2021 पासून श्रेयांक साठविण्यासाठी अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे. संस्था तिच्याशी जोडलेली आहे काय?

5. एकूण शुल्क किती? परीक्षा, गणवेश, साहित्य व प्रवास धरून आकडा लिहून घ्यावा. मध्येच सोडावे लागल्यास काय परत मिळेल, हेही विचारावे.

6. मागील तुकडीतील विद्यार्थी आज काय करतात? संस्थेने दिलेली नावे पुरेशी नाहीत. गावात चौकशी करून स्वतः दोघा-तिघांना भेटावे.

आमच्या माहितीतील एका मुलीची गोष्ट सांगून हा लेख संपवितो. वडील शेतमजूर, घरात ती पहिली बारावी झालेली. एका संस्थेत तिने वर्षभर बालशिक्षणाचा अभ्यासक्रम केला. वर्ग भरत, वह्या लिहून घेत, पण संपूर्ण वर्षात ती खऱ्या बालवाडीत फक्त चार दिवस गेली. प्रमाणपत्र हाती आले, पण पहिल्याच मुलाखतीत तिला पंधरा मुलांसमोर उभे केले, तेव्हा तिला काय करावे ते सुचेना. ती घरी परतली आणि सगळ्यांनी, तिने स्वतःसुद्धा, दोष तिलाच दिला. पुढे गावातील अंगणवाडीत सेविकाताईंच्या हाताखाली ती आठ महिने विनामोबदला बसली आणि तेथे शिकली. आज ती बालवाडी चालवते. शिक्षण अखेर झाले. पण वर्ष आणि पैसे दोनदा गेले.

शेतमजुराच्या घरातले एक वर्ष ही लहान रक्कम नव्हे. ते कोठे खर्च करायचे हे ठरविताना आईवडिलांना कोणाची तरी सोबत हवी असते. प्रत्येक धर्मग्रामात निवृत्त शिक्षक आहेत, कारखान्यात वा दूध संघात काम केलेले लोक आहेत, अंगणवाडी सेविका आहेत. येत्या निकालानंतर त्यांच्यापैकी एकाने एखाद्या पालकाबरोबर ती संस्था पाहायला जावे, प्रयोगशाळेचे दार उघडायला सांगावे आणि वरचे सहा प्रश्न विचारावेत. एसटीचे तिकीट आणि अर्धा दिवस, एवढाच त्याचा खर्च आहे.